दाराबाहेरच्या कुमुदबेन

नागरवाड्यातल्या त्या गल्लीत पिठाची गिरणी अजून आहे, पण वरच्या मजल्याच्या गॅलरीला लावलेली निळी पाटी आता नाही. तिच्या जागी चार खिळे आणि एक फिकट चौकोन राहिला आहे. गेल्या आठवड्यात मी आईबरोबर तिथून जात होते. गिरणीवाले हसमुखकाका दाराशीच उभे होते. त्यांनी मला ओळखलं आणि वर बोट करून सांगितलं, "बेन गया. नाशिकला, भाचीकडे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता तिथेच राहणार." मग थोडं थांबून म्हणाले, "आता घंटी कधीही चालू करतो. वरून कोणी पाय आपटत नाही."

बडोद्यात गिरणीला घंटी म्हणतात. कुमुदबेन कर्णिक यांचं ऑफिस त्या घंटीच्या बरोबर डोक्यावर होतं. खाली पीठ दळायला सुरुवात झाली की वरची फरशी थरथरायची, टेबलावरची टाचणी हळूहळू कडेकडे सरकायची आणि बोलणं बंद व्हायचं. ओरडून बोलणं कुमुदबेनना मान्य नव्हतं. समोरचा माणूस काही महत्त्वाचं सांगत असेल तर त्या चपलेने दोनदा फरशी ठोकायच्या आणि हसमुखकाका पाच मिनिटं घंटी थांबवायचे. हा त्यांचा आपसातला करार होता. सगळ्या फायलींवर पिठाचा पातळ थर असे. फाइल उघडण्याआधी त्या ती गॅलरीत नेऊन झटकायच्या. खुर्चीमागच्या खिळ्यावर टांगलेल्या काळ्या कोटाचे खांदे कायम पांढरट असायचे.

त्या मराठी. आजोबा संस्थानच्या दप्तरात कामाला होते म्हणे. पण त्यांच्याकडे येणारे बहुतेक कामगार गुजराती किंवा हिंदी बोलणारे, म्हणून त्या सगळ्यांच्या 'बेन' झाल्या. आम्हीही त्यांना ताई म्हटलं नाही. त्या नोकरीवरून काढलेल्या माणसांच्या केस चालवायच्या, दुसरं काही नाही. त्यांचं संपूर्ण आयुष्य मला माहीत नाही. लग्न का केलं नाही, वकिलीकडे कशा वळल्या, हे विचारण्याइतकी मी मोठी नव्हते आणि धीटही नव्हते. मी त्यांना आठ-नऊ महिने पाहिलं. तेवढंच लिहिते.

माझे पप्पा सावली रोडवरच्या एका रंगाच्या कारखान्यात सतरा वर्षं ऑपरेटर होते. मोठ्या टाकीत रंग घोटायचा आणि खालचा वॉल्व्ह उघडून ड्रम भरायचे, हे त्यांचं काम. एका सकाळी तो वॉल्व्ह निसटला आणि अख्खी टाकी जमिनीवर वाहून गेली. वॉल्व्ह ढिला झाल्याचं पप्पांनी सुपरवायझरला त्याच आठवड्यात दोनदा सांगितलं होतं, पण तोंडी. सुपरवायझर म्हणाला, "दत्तुभाई, एक माफीपत्र लिहून द्या. वर पाठवतो, विषय संपेल."

आमच्या घरात माफी मागण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पणजोबा गायकवाडी फौजेत शिपाई होते. वरच्या माणसाने सांगितलं की आधी 'जी' म्हणायचं आणि विचार मागाहून करायचा, ही सवय तिथूनच आली असावी. पप्पा घरी आले आणि मला म्हणाले, "वैशू, तू लिही. इंग्रजीत लिही. तू कॉलेजात जातेस."

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. पप्पांनी माझ्याकडे असं काही पहिल्यांदाच मागितलं होतं. मी मोबाइलवर चार नमुने शोधले आणि त्यांतले सगळ्यांत भारदस्त शब्द उचलले. 'माझ्या ग्रॉस नेग्लिजन्समुळे' हे नुकसान झालं असं मी लिहिलं. त्या दोन शब्दांना, म्हणजे घोर निष्काळजीपणाला, कायद्यात काय वजन असतं हे मला माहीत नव्हतं. ते फक्त नम्र आणि सुशिक्षित वाटले. पप्पांनी न वाचता सही केली. वाचूनही कळलं नसतं. तीन आठवड्यांनी त्यांच्या हातात नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं. त्यात माझे ते दोन शब्द जसेच्या तसे होते.

हे मी कोणालाच सांगितलं नाही.

पप्पांच्या एका सोबत्याने कुमुदबेनचं नाव सुचवलं. आम्ही दोघं कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पिशवीला हातही लावला नाही. ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. तीवर दुसऱ्याच दोन वकिलांची नावं होती.

"आधी यांना भेटून या. मग वाटलं तर माझ्याकडे."

पप्पांचा चेहरा पडला. "बेन, केस वाईट आहे का?"

"केस मी पाहिलीच नाही. तुम्ही साडी घ्यायला जाता तेव्हा पहिल्या दुकानात पहिली साडी घेता?"

"साडी ही घेते," पप्पा म्हणाले. म्हणजे आई. आई तिथे नव्हती, तरी त्यांनी हात माझ्या दिशेने केला.

"मग तिला विचारा किती दुकानं फिरते ते," कुमुदबेन म्हणाल्या. चिठ्ठीच्या मागे त्यांच्या बारीक अक्षरात तीन प्रश्न लिहिलेले होते. माझी फाइल कोण वाचणार? आपण हरलो तर पुढे काय? जे कराल ते मला माझ्या भाषेत सांगाल का? "हे विचारायला लाजायचं नाही. आणि कुठल्याही कागळावर पहिल्या दिवशी सही नाही. घाई कंपनीला असते, आपल्याला नाही." कागदाला त्या नेहमी कागळ म्हणायच्या, गुजरातीतल्यासारखं.

घरी आई म्हणाली, "ही कसली वकीलीण? गिऱ्हाईक आलं तर दुसऱ्याच्या दुकानात पाठवते." हसमुखकाकांनी नंतर सांगितलं की हे त्या सगळ्यांनाच करायच्या. एकदा एका कंपनीचा मोठा माणूस गाडी घेऊन आला होता. या बाई कामगारांच्या बाजूने इतक्या केस जिंकतात तर आपल्याच बाजूला घेऊ, असं त्याच्या मनात होतं. कुमुदबेननी त्यालाही पाणी दिलं आणि तीच चिठ्ठी दिली. तो जिना उतरून हसमुखकाकांना विचारत होता, "आ बेन बराबर छे ने?" म्हणजे बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना.

आम्ही दोन्ही वकिलांकडे गेलो. पहिल्याचं ऑफिस थंडगार होतं. त्याने पिशवी न उघडताच सांगितलं, "सो टका जीत." मी घाबरत घाबरत पहिला प्रश्न विचारला, तर त्याने कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेल्या एका मुलाकडे हनुवटीने खूण केली. मग वकीलपत्र पुढे सरकवलं. त्यात मधल्या जागा कोऱ्या होत्या. पप्पांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं.

"पप्पा, वाचून," मी म्हटलं.

"छोकरी वकील आहे का तुमची?" तो हसला.

पप्पाही थोडे हसले. पण टोपण परत लावलं आणि पेन खिशात ठेवलं. जिन्यात मला म्हणाले, "सही करायची सवय एकदा भोवली ना."

मी मान खाली घातली. भोवली होती ती त्यांची सही नव्हती.

दुसरे वकील सज्जन होते. मी कंपन्यांचीच कामं घेतो, तुमच्या बाजूने मला उभं राहता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.

आम्ही परत नागरवाड्यात.

"काय म्हणाले?" कुमुदबेननी विचारलं.

"एक म्हणाले शंभर टक्के जिंकू."

"मग इथे कशाला आलात, दत्ताभाऊ?"

पप्पांनी पिशवी टेबलावर ठेवली. "तुम्ही काहीच म्हणाला नाहीत म्हणून."

त्या पहिल्यांदा हसल्या. मग पिशवी ओढून घेतली.

कागद वाचण्याची त्यांची पद्धत उलटी होती. आधी शेवट बघायचा, सही आणि तारीख. मग खालून वर. "वरती सगळे गोडच बोलतात," त्या म्हणायच्या. माफीपत्र हातात आल्यावर त्यांनी पप्पांच्या सहीवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू वर नेत गेल्या. एका ओळीवर बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच," पप्पा लगेच म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"हा शब्द काय आहे, दत्ताभाऊ? वाचा जरा."

पप्पांनी कागद जवळ धरला, लांब धरला. "चष्मा नाही आणला, बेन." चष्मा त्यांच्या वरच्या खिशात दिसत होता.

तेवढ्यात खाली घंटी सुरू झाली. टेबल थरथरायला लागलं. मला वाटलं त्या पाय आपटतील. त्यांनी आपटला नाही. पप्पांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. गॅलरीबाहेर बघत बसल्या. दहा मिनिटं असतील, मला फार वाटली. पप्पांनी माझ्यासाठी एका वकिलासमोर खोटं बोलून टाकलं होतं आणि ते आता मागे घेता येत नव्हतं, कारण काही ऐकूच येत नव्हतं. घंटी थांबली तेव्हा माझे डोळे वाहत होते.

"मी लिहिलं," मी म्हटलं. "मला अर्थ माहीत नव्हता."

मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा 'असू दे गं' म्हणतील. दोन्ही केलं नाही. वही पुढे टाकली. "आता परत लिही. सकाळी काय झालं ते हे सांगतील, तू उतरवून घे. मराठीत. तुझा एकही शब्द नको."

ते काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. पप्पा म्हणाले, "वॉल्व्ह पहिल्यापासून रडत होता." मी लिहिलं, 'वॉल्व्हमध्ये आधीपासून दोष होता.' कुमुदबेननी ते खोडलं. "ते काय म्हणाले?" "रडत होता." "मग रडू दे." चार वेळा आम्ही गेलो, चार वेळा मी लिहिलं. चौथ्या वेळी त्यांनी काहीच खोडलं नाही आणि मगच वकीलपत्र पुढे केलं. तेही घरी न्या, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मग सही करून आणा, असं सांगून. फी किती, ती कधी, हेही त्यातच लिहिलेलं होतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरी आहे गं बाई. सगळं कळलं."

पप्पांना एकच हवं होतं. त्याच कारखान्यात, त्याच टाकीवर परत जायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार, हा प्रश्न होताच. पण ते रोज सकाळी जुन्या वेळेला उठून दाढी करायचे आणि मग खाटेवर बसून राहायचे, ते मला बघवत नव्हतं.

कोर्टाच्या आधी कामगार खात्यात एक अधिकारी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समेट होतो का बघतो. तिथली तारीख लागली तेव्हा कुमुदबेननी आम्हाला एक गोष्ट सांगितली आणि पप्पांच्या पायाखालची जमीन सरकली. त्या बोलण्यांत वकिलाला आत बसता येत नाही. कामगाराने स्वतः बोलायचं.

"मी? साहेबांसमोर?" पप्पा म्हणाले. "बेन, मग तुम्हाला केलं कशाला?"

"बाहेर बसायला."

त्या थट्टा करत नव्हत्या. पंधरा दिवस त्यांनी पप्पांना तयार केलं. पाच गोष्टी, हाताच्या पाच बोटांवर. करंगळी म्हणजे सतरा वर्षांत एकही मेमो नाही. पुढचं बोट म्हणजे वॉल्व्ह ढिला होता. मधलं म्हणजे ते मी कोणाला, कोणत्या दिवशी सांगितलं. त्याच्या शेजारचं म्हणजे पत्र मुलीने लिहिलं, मला इंग्रजी येत नाही. एकेक सांगून झालं की एकेक बोट मिटायचं. पप्पा चार बोटं अगदी नीट मिटायचे आणि तिथे थांबायचे.

"अंगठा?" कुमुदबेन विचारायच्या.

"तेवढं ते समजून घेतील, बेन."

"कोणी समजून घेत नाही. मागावं लागतं. मला परत कामावर घ्या. एवढं तोंडाने म्हणायचं."

"आमच्यात मागत नाहीत."

"तुमच्यात माफी मागतात ना? ती तर न चुकता मागितलीत."

पप्पा वरमले. पण त्या पंधरा दिवसांत ते वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही धड आलं नाही. कधी पुटपुटायचे, कधी 'बाकी तुमची मर्जी' असं म्हणून मोकळे व्हायचे. मला एकदा वाटलं, मीच आत गेले तर? मी बोलेन चांगलं. मी तसं म्हटल्यावर कुमुदबेन म्हणाल्या, "एकदा बोललीस ना त्यांच्या वतीने." त्यात टोमणा होता की नाही, मी अजून ठरवू शकलेली नाही.

"आणि तुला आत बोलावलं तर मी तुला काही शिकवणार नाही," त्या म्हणाल्या. "तू शिकलेली आहेस."

त्या दिवशी आम्ही सरकारी इमारतीच्या लांब व्हरांड्यात बाकावर बसलो. खोलीला मधोमध जाळी असलेलं झुलतं अर्धं दार होतं, त्यामुळे आतलं ऐकू यायचं. कुमुदबेनचा डावा कान अधू होता. उजवा कान दाराकडे करून, मांडीवर पर्स आणि पर्सवर उजवा हात उघडा ठेवून त्या बसल्या. पिठाळलेला कोट त्यांनी मुद्दाम घातला होता, आत जाता येणार नव्हतं तरी.

आत आधी कंपनीचा माणूस बोलला. खूप बोलला. माझं पत्र त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. मग अधिकारी म्हणाले, "बोलो, दत्तुभाई."

मग पप्पांचा आवाज आला, गुजरातीत, एकेक शब्द ठेवल्यासारखा. सतरा वर्षं. कुमुदबेननी करंगळी मिटली. वॉल्व्ह रडत होता. दुसरं बोट. सोमवारी सांगितलं, बुधवारी सांगितलं. तिसरं. "साहेब, आ कागळ मारी दीकरीए लख्यो छे. मने अंग्रेजी नथी आवडतुं."

चौथं.

शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "दीकरी कोण?" मी आत गेले. कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "कॉलेजात शिकते आणि या शब्दांचा अर्थ माहीत नाही?" मी म्हटलं, "तेव्हा नव्हता. आता आहे." पप्पा समोरच्या पेपरवेटकडे बघत होते. अधिकाऱ्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं.

मी बाकावर येऊन बसले. कुमुदबेननी काही विचारलं नाही. त्यांची चार बोटं मिटलेली होती आणि अंगठा तसाच उभा होता.

"चलो, तमारे शू जोइए छे?" आतून अधिकारी विचारत होते. तुम्हाला काय हवंय.

पंखा किरकिरत होता. कंपनीचा माणूस म्हणाला, "साहेब, आम्ही यांना थोडंफार देऊन हिशेब मिटवायला तयार आहोत." मला माहीत होतं, आता पप्पा 'जी' म्हणणार. मी उठले. दारात जाऊन खुणावावं असं वाटलं. कुमुदबेननी डाव्या हाताने माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. नजर दारावरून काढली नाही. त्यांच्या त्या अंगठ्याकडे बघत मी बसून राहिले.

"मला पैसे नको," पप्पा म्हणाले. गुजराती सोडून ते मराठीतच बोलले होते, घरच्यासारखं. "मला माझ्या कामावर परत घ्या."

अंगठा मिटला. मूठ पूर्ण झाली. कुमुदबेननी ती पर्समध्ये घातली, रुमाल काढला आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "मराठीत का बोलले? साहेब गुजराती आहेत."

साहेबांना कळलं होतं. त्या दिवशी काही ठरलं नाही. अजून दोन तारखा पडल्या आणि त्या दोन्ही वेळी कुमुदबेन त्याच बाकावर होत्या. शेवटी पप्पांना त्याच टाकीवर परत घेतलं. मधल्या महिन्यांचा पगार गेला, पण नोकरी तुटली नाही, सतरा वर्षं सतरा राहिली. माफीपत्र धरायचं नाही, असं समेटाच्या कागदात लिहून आलं. तो कागद पप्पांनी माझ्याकडून खालून वर वाचून घेतला आणि मगच सही केली.

आम्ही पेढे घेऊन गेलो तेव्हा पप्पांनी विचारलं, "बेन, तुम्ही आत असतात तर लवकर झालं असतं का?"

"आत असते तर तुम्ही बोलला नसतात," त्या म्हणाल्या. तेवढ्यात घंटी सुरू झाली आणि आम्ही तिघं न बोलता पेढे खात बसलो.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. वर्षभराने, शिष्यवृत्तीच्या दाखल्यासाठी त्याच इमारतीत गेले होते. व्हरांड्याच्या टोकाला बाकावर त्या एकट्याच होत्या. कोटाचे खांदे पांढरे, डोळे मिटलेले, उजवा कान त्या अर्ध्या दाराकडे. आत एक बाई हिंदीत बोलत होती, अडखळत, मधूनच थांबत. मी जवळ जाऊन नमस्कार करणार होते. मग त्यांचा पर्सवरचा हात दिसला. चार बोटं मिटलेली होती. अंगठा उभा होता.

मी तिथेच खांबाशी थांबले. आतला आवाज बंद झाला होता.